धानाले डॉज नाई

सावलीहून मला शाळेत नेणाऱ्या काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर 'डॉज' या एका शब्दावर जगतो. खड्डा चुकवला की डॉज, म्हैस चुकवली की डॉज. सकाळी बायकोने काही विचारलं, तर "तिले बी डॉज मारला, गुरुजी!"

परवा मात्र कोणीतरी अख्ख्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. त्याने आम्हा आठही जणांना उतरवून धान बाजूला लोटायला लावलं, जीप पुढे काढली आणि ते पुन्हा पसरायला लावलं.

"इथी काऊन नाई डॉज?" मी वैतागून विचारलं.

"धानाले कायचा डॉज? बूट काढा, गुरुजी, पाय घासत चाला. धान पलटून बी होते."

शाळेत मात्र मीच डॉज मारला. उशीर का झाला, तर जीप पंक्चर झाली म्हणालो. हेडमास्तर माझ्या पँटच्या दुमडीतून फरशीवर सांडणारं धान पाहत होते.