बिरोबाचा मेंढा आन् माळावरचं इमानतळ

अंबुबाईचं माहेर राजेश्वरचं. दिली तिला खजुरीच्या पल्याड, माळावरच्या गावात, पिराजीला. पिराजीच्या घरात मेंढरं लई. जमिनीचा एक पट्टा व्हता, पण जमिनीकडं कोण बघतंय, सगळा जीव मेंढरात. गावाच्या वर माळ पसरलेला आन् माळाच्या मधी बिरोबाचं ठाणं. देऊळ न्हाई, कळस न्हाई. लिंबाच्या बुडाला भंडाऱ्यानं पिवळा झालेला एक तांदळा, नुसता गोल दगुड, बस. कानडी लोक त्यालाच बीरप्पा म्हणतात. अंबुबाई मेंढरामागं जायची, तितं बसून भाकर खायची, आन् उठताना चतकुर देवापुढं ठिवायची.

तिचा अनिल रांगायला लागला त्या वर्षी माळावर जीप आली. माणसं उतरली, तीन पायाच्या काचंतून बघायलीत, लाल झेंड्या रवायलीत. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी निराळंच. कुणी म्हणलं साखर कारखाना, कुणी म्हणलं पलटणीचा तळ. मल्लिकार्जुन अप्पांचं किराणा दुकान व्हतं, त्यांच्याकडं पेपर यायचा. लिंगायत माणूस, मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायचे ते त्यांचं त्यांनाबी कळायचं न्हाई. ते म्हणले, "इमानतळ व्हायलंय."

पिराजी हासला. "अप्पा, आळंदची बस इथं येळंवर येईना. इमान कुणाला न्यायला यायलंय?"

"तुला," अप्पा म्हणले. "मेंढरासकट."

मग लई वर्सं काहीच न्हाई. दगडाचे खांब रवले व्हते, मेंढरांनी आंग घासून घासून ते वाकडे केले. लोक इसरले. अनिल साळंला जायला लागला आन् मग कागद आले. माळ सरकारचाच, त्यात पिराजीचा पट्टाबी गेला. पैका आला, त्याचे घरावर पत्रे झाले, नणंदंचं लगीन झालं, संपला. माळाला भिंत घालायला सुरू केली. चरायला जागा उरंना तसं पिराजीनं मेंढरं इकली आन् पुण्याला बांधकामावर गेला. गावातली कितीतरी घरं तशीच गेली, कुणी पुणं, कुणी हैद्राबाद. दारांना कुलपं. अंबुबाईच्या भावाचं पोरगं तिकडंच सेंट्रिंगवरून पडलं आन् कमरंतून गेलं, आता खाटंवर हाय. तवापासून अंबुबाईनं एकच मनात धरलं. आपला अनिल जाऊ द्यायचा न्हाई. काय बी करून गावात ठिवायचा.

भिंत निम्मी झाली आन् काम घेतलेला गुत्तेदार पळाला. माळावर नुसतं गवत. त्याच मधल्या काळात अनिलला कावीळ झाली. डोळे हळदीवानी, पोटात पाणी ठरंना. उमरग्याला दवाखान्यात न्हेलं. डाक्टर म्हणला, "बघू." त्ये 'बघू' ऐकलं आन् अंबुबाईनं तितंच भिंतीकडं तोंड करून नवस बोलला, बिरोबा, माझं पोरगं उठू दे, त्याच्या नावानं तुला मेंढा सोडते.

पोरगं उठलं. बाजारातून मेंढा आणून सोडला. आता देवाचा मेंढा म्हंजे साधं काम न्हाई. पुजारी रेवणसिद्धप्पानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, कानाला जराशी चीर दिली, झालं. त्या दिवसापासून त्याच्या गळ्यात दावं घालायचं न्हाई, त्याच्यावर काठी उगारायची न्हाई, त्याला कोंडायचं न्हाई, इकायचं न्हाई. कुणाच्या ज्वारीत शिरला तरी हाड म्हणायचं न्हाई. आन् कुणी बांधलाच, तर ज्याच्या नावानं सोडला त्याच्या जीवावर येतंय. हे मेंढरं राखणाऱ्या माणसांत बारकं लेकरूबी सांगंल.

मेंढा हिंडायचा गावभर, पण बसायचा ठाण्यापाशी.

मग दुसरा गुत्तेदार आला आन् कामाला जोर आला. मोजलं तर ठाणं नेमकं इमान उतरायच्या डांबराच्या पट्टीच्या कडंला. इंजिनेर बिचारा भला, हात जोडून म्हणला, देवाला भाईर घ्या. गावानं ढोल लावून, भंडारा उधळून देवाला उचललं आन् भिंतीभाईर, सडकंच्या कडंला, नव्या वट्यावर बसिवलं. लिंब तोडला. काळीभोर पट्टी झाली, ह्या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस मुंगीवानी.

देव गेला, मेंढा गेला न्हाई. पावसाचं पाणी जायला भिंतीला मोरी ठिवली व्हती, तिच्यातून आत शिरायचा आन् जितं लिंब व्हता तितंच जाऊन बसायचा. काटं लावलं तर फाटकातून जायचा. नळावर बायका बोलायच्या, "देव खरंच भाईर आला का गं? मेंढ्याला तर म्हाईत आसंल." अंबुबाई घागर घेऊन निघायची. पण ते बोलणं तिच्या डोक्यात दिसभर किरकिर करायचं.

जमिनी गेलेल्या घरातली काही पोरं वॉचमन म्हणून घेतली, त्यात अनिल. मल्लिकार्जुन अप्पांनी शब्द टाकला व्हता. काम एकच, पट्टीवर जनावर येऊ द्यायचं न्हाई. अनिल म्हशी हाकलायचा, कुत्री हाकलायचा, आन् मेंढा आला की पाया पडायचा.

दोन हजार अकरा सालात, दिवाळी झाल्यावर, इमानतळाच्या साहेबांनी पोरांना हुबं केलं. येत्या मंगळवारी बारकं इमान उतरवून बघायचं. पट्टीवर जनावराची सावली जरी दिसली तरी त्या पाळीची पोरं घरी. मंगळवारी पाळी अनिलची.

घरी येऊन तो म्हणला, "माय, एक सकाळ फकस्त. मेंढ्याला घरात कोंडतो."

"कोंडणं आन् बांधणं येगळं हाय का रं?"

"मग काय त्याला अर्ज देऊ?"

"तू त्याच्या वाटंला जाऊ नको. मी बघते."

"तू काय बघतीस?"

अंबुबाई उठून फोन हुडकायला लागली.

पिराजीला फोन लावला. तिकडून घमेल्याचे आवाज यायलेत. तो म्हणला, "नोकरी गेली तर जाऊ दे की. हिकडं धाड. सेंट्रिंगला माणसं कमी पडायलीत." अंबुबाईच्या डोळ्यापुढं भावाच्या घरची खाट आली. तिनं फोन पोराच्या हातात दिला आन् चुलीपुढं जाऊन बसली.

मंगळवारी उजाडल्यापासनं ती भिंतीभाईर मेंढ्याच्या पुढ्यात. ज्वारी भिजवली, गूळ कालवला, वंजळीनं चारायली. मेंढा सावकाश खायलाय. भिंतीवर सारं गाव चढलेलं. अप्पा दुकान बंद करून, धुवट धोतर नेसून आलेले. तिला वाटलं, असाच खात राहिला तर निभतंय. तेवढ्यात आत आग इझवायच्या गाडीनं भोंगा वाजवून बघितला. मेंढा दचकला, तिचा हात झटकला, आन् सरळ मोरीकडं.

अंबुबाई मागं. मोरीतून मेंढा गेला, तिचं लुगडं काट्याला फाटलं, ती बी गेली. मेंढा पट्टीच्या कडंला जाऊन खाली बसला आन् रवंथ करायला लागला. तिनं वटीतली ज्वारी दाखिवली, "ये बाबा, चल माझ्या राजा." त्यानं तोंडबी फिरिवलं न्हाई. तिकडनं अनिल पळत आला.

"माय, इमान दिसायलंय."

लांब, आभाळात, माशीएवढं.

अनिल मेंढ्याच्या शिंगाला हात घालायला वाकला. तिनं त्याच्या छातीला ढकललं. "हात लावू नको. तुझ्या नावाचा हाय त्यो."

"मग आता?"

जलमभर तिनं लंगडी मेंढरं, व्यालेल्या मेंढ्या खांद्यावर घालून आणल्या व्हत्या. ती खाली बसली, मान मेंढ्याच्या पोटाखाली घातली, त्याचे पुढचे पाय एका हातात, मागचे एका हातात, छातीवर धरले. उठायला गेली, गुडघा टेकला. परत उठली. मेंढा केवढा, ही केवढी. अनिल संग चालायलाय, हात पाठीमागं एकमेकांत आवळून, लेकरावानी रडायला आलेला.

"माय, मला दे."

"गप चाल."

भिंतीच्या कडंला खडीचा ढीग व्हता. त्याच्या आडाला पोचली आन् मेंढ्यासकट खाली बसली. आवाज आला, आधी माशी, मग गिरणी, मग कानच गेले. खडीचे बारके खडे घसरायले. मेंढ्याचं काळीज तिच्या मानंवर धडधडायलेलं, तिचं आपलं कुठलं आन् त्याचं कुठलं कळंना. इमान उतरलं, पळालं, टोकाला जाऊन वळलं, जरा थांबलं, आन् पुन्हा उठून गेलं. भिंतीवरून लोकांनी टाळ्या वाजिवल्या. अंबुबाईनं बघितलंच न्हाई.

"माय, सोड आता. गेलं."

तिच्या बोटांनी ऐकलं न्हाई. एक एक बोट तिनं गुडघ्यावर घासून मोकळं केलं. मेंढा उठला, आंग झाडलं, आन् मोरीतून निघून गेला.

अप्पांनी गावाला पेढे वाटले. साहेब खूश, अनिलला खाकी कपडे मिळाले. अंबुबाईनं पेढा हातात धरला, खाल्ला न्हाई. तशीच देवाच्या वट्यावर रेवणसिद्धप्पाकडं गेली.

"पुजारीबाबा, हातानं पाय धरले, म्हंजे बांधलं का?"

पुजारी म्हणला, "दोरी नव्हती ना?"

"न्हाई."

"सुटायला धडपडला का?"

"धडपडला. मी आवळून धरले."

"मग मी कसं सांगू, अक्का? देवालाच इचारू."

तांदळ्याला पाणी लावून फूल चिकटिवलं. उजवं पडलं तर चिंता न्हाई, डावं पडलं तर दोष. दोघं बसून राहिले. फूल पडलंच न्हाई. चिकटल्या जाग्यावर वाळलं. पुजारी म्हणला, पुढच्या अमुशाला बघू. पुढच्या अमुशालाबी तेच.

तवापासनं अंबुबाईला चैन न्हाई. अनिल खोकला की हिच्या हातातलं काम थांबतंय. ड्युटीवर जायच्या आधी उजेडाकडं तोंड करायला लावून त्याची पापणी वढून बघती, पिवळं दिसायलंय का. पोरगं वैतागतं. "माय, मला काय झालं न्हाई." ही म्हणती, "व्हय, न्हाईच झालं," आन् दुसऱ्या डोळ्याची पापणी वढती.

आन् इमान त्याच्यामागं आलंच न्हाई. कुणी म्हणतंय परवानगी अडली, कुणी म्हणतंय इथून बसणार कोण. पट्टीच्या भेगांत गवत उगवायलंय. साहेब म्हणायलेत, असंच राहिलं तर वॉचमन कमी करावं लागतील. आलं तर मेंढ्याला कुणीतरी पुन्हा धरावं लागंल, न्हाई आलं तर पोराला पुण्याची गाडी. रोज दिवा लावताना ती देवापुढं हुबी ऱ्हाती आन् तिला कळंना, ह्यातलं काय मागावं.

परवा सांजच्याला अनिल घरी आला. तिनं भाकर टाकता टाकताच इचारलं, "आलं का रं?"

"न्हाई. येत्या म्हैन्यात म्हणायलेत."

"बरं."

"बरं कामून म्हणायलीस? नोकरी जाईल माझी."

तिनं ताटात कोरड्यास वाढलं. "मेंढा कुठं हाय?"

"बसलाय तितंच. पट्टीच्या कडंला."

"तू हात लावला न्हाईस ना?"

"न्हाई गं माय."

"जेव मग," ती म्हणली, आन् त्यानं दुसरा घास घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडंच बघत राहिली.