पेटीचा काटा

मधुसूदन वैरागडे मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत, पण इतवारी भागात त्यांची ओळख रेडिओ दुरुस्त करून देणारा माणूस अशीच होती. कुणाचा रेडिओ खरखरला की तो काखोटीला मारून लोक त्यांचं दार ठोठावत. माणूस भला, चहाशिवाय कुणाला जाऊ देत नसे. खोड एकच, यंत्रावर जितका भरवसा तितका माणसावर नाही. यंत्र लबाडी करत नाही, हे ते इतक्यांदा ऐकवत की बायकोने त्याकडे कान देणंच सोडलं होतं.

पंचाहत्तर साली कुणा दानशूर माणसाने शाळेला समूह श्रवणयंत्र दिलं, तेव्हा सरांना घरात मूल जन्मल्यासारखा आनंद झाला. टेबलावर भलीमोठी पेटी, तिला जोडलेला माइक, आणि पेटीतून निघून प्रत्येक बाकापर्यंत गेलेल्या तारा. तारेच्या टोकाला हेडफोन. सर माइकात बोलले की आवाज कैकपट मोठा होऊन मुलांच्या कानात जायचा. सरांच्या बाजूला पेटीला पिवळ्या उजेडाची एक खिडकी होती. आवाज झाला की तिच्यातला काटा टुणकन उडी मारायचा.

पेटीबरोबर शाळेत एक नियमही आला. हातांच्या खुणा बंद. खुणांनी काम भागलं की मूल ऐकायचा आणि बोलायचा कंटाळा करतं, असं तेव्हा भलेभले शिकलेले लोक मानत, सरही मानत. वर्गात बसायचं ते हाताची घडी घालून, आणि घरीसुद्धा तेच.

सात वर्षांची गोपिका त्याच वर्गात होती. बाप रुपराव कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला, आई अंजनाबाई तिला रोज बसने आणायची. या मायलेकींची हातांची आपली एक भाषा होती, ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. कपाळावरची काजळी बोटाने निपटून झटकली की बाप, खांदे गदागदा हलवले की बस. दोघी भांडायच्यासुद्धा हातांनीच, आणि बसमधले लोक टकमक बघत राहायचे.

"हे सगळं बंद करायचं बाई," सर म्हणाले.

"सगळंच काहून जी? राती भेली तर मी काय करू?"

"तोंडानं बोला. मी सांगून राहिलो ना, आज नाही तर उद्या ऐकते ती."

अंजनाबाईने मान डोलावली. मास्तर शिकलेला माणूस, त्याच्यापुढे आपण काय बोलायचं!

वर्गात चिंचोक्यांचा खेळ चाले. प्रत्येक मुलासमोर एक डबा आणि मूठभर चिंचोके. कानात आवाज आला की एक चिंचोका डब्यात टाकायचा. मुलांनी ओठ वाचू नयेत म्हणून सर तोंडापुढे पुठ्ठा धरत. बाकीची मुलं मनाला येईल तेव्हा चिंचोके टाकत, गोपिकाचा मात्र बरोबर आवाजासरशी पडे. सरांनी हळू आवाज काढला, जोरात काढला, मध्येच गप्प राहून पाहिलं. पोरगी एकदाही चुकली नाही. सरांचा ऊर भरून आला. "तुमच्या मुलीला ऐकू येतं," त्यांनी सांगितलं, तेव्हा अंजनाबाई शाळेच्या वऱ्हांड्यात पदर तोंडाला लावून रडली आणि दुसऱ्या दिवशी डबाभर कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन आली. शाळेत कुणी पाहुणे आले की सर गोपिकालाच पुढे करत. ती अजून 'आ'च्या पुढे काही बोलत नव्हती, पण ते आज ना उद्या येईल, असं ते म्हणत. असं म्हणता म्हणता दुसरं वर्षही सरत आलं.

मग एकदा वर्ग सुटल्यावर तारा गुंडाळताना त्यांच्या लक्षात आलं की गोपिकाच्या बाकाची तार उंदरांनी खाल्ली आहे. अर्धवट नव्हे, पार तुटलेली. त्यांनी हेडफोन कानाला लावून पाहिला, ठार मुका. आणि आज सकाळीच पोरीने सगळे चिंचोके बरोबर टाकले होते.

सर तिच्या बाकावर तिच्याच जागी बसले आणि समोर बघितलं. त्यांच्या खुर्चीमागे काचेचं कपाट होतं. काचेत पेटीची पिवळी खिडकी काट्यासकट लख्ख दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तार जोडली आणि कपाटावर चादर टाकली. ते बोलले. गोपिकाचा हात हलला नाही. ते ओरडले. ती चादरीकडे बघत राहिली, मग त्यांच्या तोंडाकडे. सरांचा चेहरा उतरला तसा तिचाही उतरला, आणि त्यांना खूश करायला तिने भराभर सगळे चिंचोके डब्यात टाकून दिले.

शाळा सुटल्यावर सरांनी अंजनाबाईला वऱ्हांड्यात थांबवून सगळं सांगितलं.

"म्हंजे तिले काईच ऐकू येत नाही?"

"नाही."

"पहिलेही नव्हतं येत?"

"नाही."

बाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी तिले मारलं जी. हात हालवला का पाठीत धपाटा. मांगं तापानं फणफणली, तवा हातानं काईतरी सांगून राहिली होती मले. मी तिचे हात दाबून धरले. काय सांगत होती, ते आता कोन सांगन?"

 सर म्हणाले, "माझं चुकलं. आता बोला तिच्याशी हातांनी. घरी, बसमध्ये, पाहिजे तेवढं बोला."

अंजनाबाई पोरीपुढे उकिडवी बसली. काय विचारावं ते ठरेना, आणि ठरलं तेव्हा ते हातांनी कसं विचारायचं हे आठवायला तिला वेळ लागला. मग तिने पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली, दुसरा हात पोटावरून फिरवला. भूक लागली का?

गोपिकाने आईच्या हातांकडे पाहिलं. मग दचकून सरांकडे पाहिलं आणि झटकन हाताची घडी घातली, छातीशी घट्ट. आई विसरली तरी आपण नियम विसरलो नाही, हे सरांना दिसावं म्हणून.