तात्यांना न पटलेला कीबोर्ड

पणदऱ्यातलं आमचं दूध संकलन केंद्र सासऱ्यांचे गुडघे गेल्यावर माझ्याकडे आलं. पहिल्याच सकाळी दूध घालायला आलेल्या म्हाताऱ्या तात्यांनी किटली खाली ठेवली, वजनकाटा तिरका करून त्याच्या बुडाखाली बघितलं आणि मगच दूध ओतलं. “राग नगं मानू सूनबाई. तुज्या सासऱ्याच्या वक्ताला बी मी बघायचो.”

मी मूळची शेळगावची, म्हणजे त्यांच्या लेखी परक्या तालुक्यातली. संशयाला तेवढं पुरे होतं. तसा त्यांचा संशय कुणावरच कमी नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांना ते सुईचं पाकीट समोर फोडायला लावत. जास्त हसून बोलणाऱ्या माणसाला दोनदा नाव विचारत. चहा दिला तर म्हणत, “आधी तू घे.” सुरुवातीला मला याचा भारी राग यायचा. पुढे सवय झाली.

केंद्रावर कीबोर्ड टिकत नाही. ओले हात, दुधाचे थेंब, मग मुंग्या. तिसरा कीबोर्ड बंद पडल्यावर मी बारामतीहून गुंडाळता येणारा रबरी कीबोर्ड आणला. नळाखाली धुवायचा, झटकायचा, की झालं. खोड एकच, बटण सरळ आणि जोर लावून दाबावं लागायचं, नाहीतर आकडा उमटायचा नाही. कडा वर यायच्या, म्हणून दोन्ही बाजूंना मापं ठेवायची.

तात्यांनी तो चिमटीत धरून पाहिला. “वासराच्या कानागत लागतंय. ज्याला कणा न्हाय, त्याच्यावर माजं दूध लिवायचं व्हय?”

“तात्या, आकडे तेच येतात.”

“मग वाजत का न्हाय?”

त्या दिवसापासून ते रोज विचारू लागले, “लिवलंस का? काय लिवलंस?” स्क्रीन त्यांच्याकडे वळवली तरी प्रश्न थांबेना. पावती न वाचता टोपीत ठेवायचे, “घरी बघतो” म्हणायचे. रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग दोन घरांनी दूध दुसरीकडे घालायला सुरुवात केली. आता मलाच तात्यांचा संशय येऊ लागला. या म्हाताऱ्याला दुसऱ्या केंद्रवाल्याने तर पढवून पाठवलं नसेल?

एका सकाळी मी त्यांचं दूध मोजलं आणि तेवढ्यात पिन सैल होऊन स्क्रीन काळी पडली. माझ्या लक्षात यायच्या आत तात्या त्या काळ्या काचेकडे वाकले, मान हलवून म्हणाले, “हां, आता बराबर हाय.”

गर्दी पांगल्यावर मी त्यांना बाकावर बसवलं.

“तात्या, तुम्हाला दिसत नाही ना?”

त्यांनी टोपी चाचपली. “सावल्या दिसत्यात. काचबिंदू हाय, त्यो काय माघारी फिरत न्हाय. जुना तुजा वाजायचा, कुठलं बटण कुठं वाजलं त्यावरनं मी आकडं वळखायचो. पोरांना सांगू नगं. म्हशी इकत्याल. मग मी सकाळी उठायचं कशाला?”

आवाज करणारा कीबोर्ड परत आणते म्हटलं, तर म्हणाले, “त्यात बी मुंग्या जात्याल. तू मोठ्यानं बोल. पर समद्यांचंच बोल, माजं एकट्याचं नगं.”

मी प्रत्येकाचे लिटर आणि फॅट मोठ्याने बोलू लागले. गेलेली दोन्ही घरं परत आली. महिनाभराने तात्या नातीला घेऊन आले. मी आकडे बोलले, तिने पावती वाचली, दोन्ही जुळले. मला वाईट वाटलेलं त्यांना आवाजावरून कळलं असावं. “इश्वास हाय गं. पर बघितलेला बरा.”

गेल्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि तात्या गेले. सुतक फिटल्यावर थोरला मुलगा किटली घेऊन आला. म्हशींना गिऱ्हाईक मिळेपर्यंत दूध तोच घालणार होता.

“वहिनी, तात्यांना दिसत नव्हतं, नातीकडून कळलं. तुमाला म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“आमाला का न्हाय सांगितलं?”

“तुमी म्हशी विकल्या असत्या, भाऊजी.”

मी दूध मोजलं, आकडे बोलले. वजनकाट्याकडे, स्क्रीनकडे, कशाकडेही न बघता तो पावती खिशात कोंबून निघाला. तात्यांच्या म्हशींच्या दुधाचा आकडा कुणीच तपासत नव्हतं, ते माझ्याने बघवेना.

मी त्याला हाक मारून परत बोलावलं. स्क्रीन त्याच्याकडे वळवून म्हटलं, “आकडा बघितल्याबिगर जायचं न्हाय.”