निशातच्या तक्त्यातला दोन पूर्णांक अठ्ठावीस

अहेरीत रशिदाबाईंनी तपासलेलं गणित पुन्हा कोणी तपासायच्या भानगडीत पडत नसे. सत्तरच्या दशकात चंद्रपूरला त्या गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि लग्न होऊन कय्यूमभाईंच्या घरी आल्या. कय्यूमभाईंचं स्टो आणि पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं दुकान. पुढच्या खोलीत पंपांची खटखट आणि मागच्या अंगणात बाईंच्या शिकवण्या, अशी वीस वर्षं गेली. वनखात्यातल्या साहेबांची पोरं यायची, काही आलापल्लीहून सायकलवर यायची. बाई मारत नसत. पण पायऱ्या न लिहिता आणलेल्या उत्तरावर लाल काट मारत आणि विचारत, "कोणाचं पाह्यलंस?"

त्यांची निशात चंद्रपूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. अठ्ठ्याण्णव साल. प्रकल्प सोमवारी पाचच्या आत द्यायचा, म्हणून हस्तलिखित आईला दाखवायला ती शनिवारी घरी आली. विषय होता सूर्यापासून सतत वाहणारा वारा. सूर्याच्या तापलेल्या आवरणातला वायू सगळीकडे निघतो आणि किती अंतरावर त्याचा वेग किती, हे एका डिफरन्शिअल समीकरणातून कळतं. समीकरण सोडवताना निशातनं एकही पायरी गाळली नव्हती. बाईंना मनातून फार बरं वाटलं. शेवटी उरलं ते एवढंच, की वेगाच्या वर्गातून त्याच वेगाच्या नैसर्गिक लॉगची दुप्पट वजा केली, तर त्या अंतरासाठी ठरलेला एक आकडा यायला हवा. वेग मोजायचा तो त्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाच्या पटीत.

पुढे तक्ता होता. सूर्याजवळ वेग कमी, एका ठरावीक अंतरावर ध्वनीइतका, त्याच्या चौपट अंतरावर दोन पूर्णांक अठ्ठावीस. पृथ्वीपाशी तर सेकंदाला चारशे ऐंशी किलोमीटर.

बाईंनी कॉलेजातली लॉग टेबलची पुस्तिका काढली. चौपट अंतरासाठी आकडा होता तीन पूर्णांक पंचावन्न. त्यांनी अंदाजानं वेग दोन धरला. त्याचा वर्ग, त्यातून तो तीन पूर्णांक पंचावन्न वजा, उरलं त्याचं अर्धं, आणि त्यावरून टेबलात उलटा शोधून नवा वेग. सव्वा आला. तो घेऊन पुन्हा तेच. शून्य पूर्णांक सदतीस. मग अठरा शतांश, मग सतरा, आणि तिथंच थांबला. दीडपासून सुरू केलं तरी सतराच. वारा पुढे जाऊन जवळजवळ थांबत होता, आणि पोरीनं तो चारशे ऐंशीनं धावता दाखवला होता.

"हे आकडे कुठून आणले?"

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सरांच्या प्रोग्रामनं काढले, निशात म्हणाली. प्रोग्राम आत काय करतो ते तिला नीट सांगता येईना.

"पुस्तकात चारशेच्या वर लिहिलंय, म्हणून तू तिथून मागे बसवले," बाई म्हणाल्या. "हे खोटं आहे, निशात."

निशातनं आईच्या कागदावरचे आकडे पाहिले. तिनं कागदाची नक्कल करून घेतली आणि रविवारी सकाळच्या गाडीनं निघून गेली.

"काऊन वो, पोरगी न जेवता गेली," कय्यूमभाई म्हणाले. "तुले गणित दिसते, तिचं तोंड नाई दिसत."

सोमवारी सकाळी अंगणात पोरं जमायच्या आधी बाईंनी पुन्हा तो कागद घेतला. पोरीनं कुठला आकडा ढापला ते तरी पाहू, म्हणून त्यांनी सहज दोन पूर्णांक अठ्ठावीसचा वर्ग केला. पाच पूर्णांक वीस. लॉगची दुप्पट एक पूर्णांक पासष्ट. वजाबाकी केली आणि पेन तसंच हातात राहिलं. तीन पूर्णांक पंचावन्न.

ज्या आकड्याला त्यांनी खोटं म्हटलं होतं, तो त्यांनी एकदाही समीकरणात घालून पाहिला नव्हता.

मग त्यांनी रीत फिरवली. आधी लॉगची दुप्पट, त्यात आकडा मिळवायचा, मग वर्गमूळ. त्याच दोनपासून निघाल्या. दोन पूर्णांक बावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. तिथं थांबला. समीकरणाला दोन्ही उत्तरं चालत होती. त्यांची पहिली रीत मात्र दर वेळी खालच्याच उत्तराकडे घसरत होती. आलेल्या पोरांना त्यांनी तसंच परत पाठवलं. हॉस्टेलला फोन लावला तर कोणी उचलेना. अकराची चंद्रपूर गाडी त्यांनी धावत पकडली.

हॉस्टेलच्या खोलीत निशात कॉटवर बसली होती. समोर दोन तक्ते, एक तिचा, एक आईच्या आकड्यांचा. चार वाजत आले होते आणि बाइंडिंग झालेलं नव्हतं. बाईंना वाटलं होतं, पोरगी रागावलेली असेल. पण तिनं विचारलं, "अम्मी, माह्या हातून खरंच काही चुकलं का? मी तर बसवले नव्हते."

जिचं बरोबर होतं तीच दोन दिवस स्वतःवर शंका घेत बसली होती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या, आणि कागद पुढे केला. निशातनं ओळ न् ओळ पाहिली. दोन्ही उत्तरं घालून पाहिली. मंद वारा दूर गेल्यावर त्याचा दाब उतरायचा थांबतो, आणि तेवढ्या दाबाला धरून ठेवेल असं बाहेर काहीच नाही, म्हणून सूर्याच्या वाऱ्याला वेगाचा रस्ता घ्यावा लागतो, हे तिला पाठ होतं. रस्ते दोन आहेत हे मात्र तिनं आजच हातानं पाहिलं.

"दोन्ही तक्ते लावते," ती म्हणाली. "पण तू मले खोटी म्हणालीस, ते कुठी लिहू?"

आणि तिनं पेन बाईंच्या हातात दिलं. दुसऱ्या तक्त्याखाली बाईंनी लिहिलं, की ही रीत नेहमी मंद उत्तरच देते, आणि त्यामुळे पहिला तक्ता चुकीचा ठरत नाही. अक्षर वाकडं आलं. निशातनं ते दोनदा वाचलं.

"चाल," ती चपला घालत म्हणाली, "बाइंडरवाला चौकात आहे. तासच राह्यला."