पायरीपायरीनं

भाऊराव गेल्याचं मला अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर कळलं, त्याला आता महिना होईल. अमरावतीच्या गाडीतून उतरलेला त्याचा पुतण्या म्हणाला, "काका गेले. परवाच." मी त्याच्याशी धड चार शब्दही बोललो नाही. मला राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघं जीवशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या कराव्यात त्यानंच. बकऱ्याच्या मेंदूचा तुकडा तो आधी सौम्य अल्कोहोलात ठेवी, मग कडक, मग त्याहून कडक. "पाणी पायरीपायरीनं काढा," तो मुलांना बजावी, "घाई केली का पेशी आक्रसते." संध्याकाळची मोहाची दारू सुरू झाली तेव्हा हाच नियम त्यानं स्वतःला लावला. मी टोकलं की म्हणे, "तू काहून घाबरून राहिला बे? मी पायरीपायरीनं चढून राहिलो. आपल्या पेशी नाही आक्रसत." आणि मी... मी हसलो. वर्षानुवर्षं हसलो. स्टाफरूममध्ये तो विनोद मीच चार जणांना ऐकवला.

पुढे मला अकोल्याला नोकरी लागली आणि भेटी कमी झाल्या. शेवटच्या भेटीत, त्याच्या घरी, तो म्हणाला, "काल अकोटले मजा आली, नाही का?" अकोटला आम्ही कधीच बरोबर गेलो नव्हतो. मी खेकसलो, "भाऊ, खोटं काहून बोलतोस?"

"खोटं नाही बोलत हे," सुमनवहिनी म्हणाल्या. "डॉक्टर सांगे, दारूपायी जेवण सुटलं, पेशींले जे जीवनसत्त्व लागते ते भेटलंच नाही. आठवणीच्या पेशी उपाशी मेल्या. त्या परत येत नाहीत म्हणे. रिकाम्या जागी मग सुचेल ते भरते मेंदू." मग त्यांनी विचारलं, "तुमी तं एकाच टेबलावर होते. तुमाले समजलं नाही का?"

मी चहा न घेताच उठलो.

त्याची एक काचपट्टी माझ्या खणात आहे. 'बकरा, मेंदू' असं त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलेली. काल ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली. फांद्या फुटलेली पेशी, जराही न आक्रसलेली. हात चांगलाच होता त्याचा. पण भाऊ, पायरीपायरीनं अल्कोहोल चालतं ते या पेशीला, कारण ही आधीच मेलेली असते. एवढं एक वाक्य तुला सांगायचं होतं... आणि ते मला पहिल्या दिवसापासून येत होतं.