फवारा मारलेली सेज

ठिणगीवहिनी रागावली की आधी भांडी बोलत, मग ती. धाकट्या दिराच्या खानावळीत सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. लोक लांबून येत ते तिचे उकडलेले बटाटे खायला. वर लोण्यात कुरकुरीत तळलेली सेजची, म्हणजे एका विलायती सुवासिक झुडपाची पानं.

ही सेज तिनं मागच्या दारी कुंड्यांत स्वतः वाढवली होती. जात शोभेची, करड्या-हिरव्या पानाला पांढरी कड आणि कोवळ्या शेंड्याला गुलाबी झाक. साध्या सेजपेक्षा वास मवाळ, म्हणून ती चार पानं जास्तच टाकी. ऊन भरपूर, पाणी बेतानं. "फार लाड केले की कुजते मेली, माणसासारखीच," म्हणायची.

दिराला दिसला तो नुसता रंग. न विचारता त्यानं कुंड्या उचलून पुढच्या दारात मांडल्या. ऊन तिथंही होतं, म्हणून वहिनीनं त्या तिथंच राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी तिनं तिथलीच पानं खुडली. एरवी बोटाला लव लागायची, आज पान बुळबुळीत लागलं. घाईत तिनं धुतलं, पुसलं, तळलं. एक ताट बाहेर गेलं, आणि दुसरा घाणा सोडताच कढईतून रंगाच्या डब्यासारखा वास आला.

झारा टाकून ती बाहेर धावली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शिंप्याचा घास तोंडाशी पोचला होता. तिनं त्याचं मनगटच धरलं.

"वहिनी, गिऱ्हाईकाच्या तोंडचा घास काढता?" दीर गल्ल्यावरून उठला.

"पानांना काय फासलंत, भाऊजी?"

"चकाकीचा फवारा मारला थोडा. शोभेचंच तर झाड ते."

"रोज काय तळते मी, तुमच्या खुर्चीची गादी?" तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या, खा."

त्यानं हात मागे घेतला.

"तुम्हाला नको, आणि यांना चाललं असतं? नाव तुमचं गेलं असतं, पण हात माझे होते."

शिंपी हळूच म्हणाला, "मला नुसता बटाटा द्या, बाई. भांडण जेवल्यावर ऐकतो."

वहिनी हसली नाही. कात्री आणून तिनं सगळ्यांदेखत प्रत्येक फांदी छाटली, खाली दोन-चार कोंब राखून. कुंड्या मात्र दिरालाच परत मागं न्यायला लावल्या.

महिनाभर बटाटे पानांविनाच गेले. दीर रोज मागच्या दारी डोकावून विचारी, "फुटली का हो पानं?"

"फुटली, तरी तुम्ही लांबच राहा," ती आतूनच म्हणे, आणि पातेलं आदळी.