मशीन ठीक होतं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता दिनकरच गेला, टाळून कुणाला वाचवायचं? महिना होत आला. त्या सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले," आणि मला चेहऱ्याआधी त्याचा हात आठवला... तबकडीवर अलगद टेकलेली बोटं.

ऐंशीच्या दशकात कामतघरला माझं लग्नांना स्पीकर पुरवायचं दुकान होतं. मंडपात रेकॉर्ड लावायचं काम नारपोलीचा दिनकर करायचा. आखातातून आलेल्या मावसभावाने त्याला एक कॅसेट दिली. तिच्यात शब्दच नव्हते. नुसता ठेका, आणि मधूनमधून तबकडी मागेपुढे घासल्याचा आवाज. मी विचारलं, "गाणं सुरू कधी होणार?" तो म्हणाला, "झालंय शांताराम. हेच गाणं." त्यानंतर तो पछाडलाच. दुकानातले दोन प्लेअर शेजारी मांडले, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या मिळवल्या आणि ढोलकीचा तेवढाच तुकडा आधी एकीवर, मग दुसरीवर, असा न थांबता वाजवत ठेवू लागला. तबकडी हाताने धरली तरी खालची थाळी फिरत राहावी म्हणून शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कोऱ्या कापडाला कडक खळ देऊन त्याने गोल चकत्या कापल्या आणि मध्ये घातल्या. शेजारचा लूमवाला ओरडायचा, "दिनूभाई, सुई घिस जाएगी!" हा आतून, "घिसने दो, ताल तो बैठ रहा है!" आणि ताल बसला. एका दुपारी बिल लिहिताना माझाच पाय हलायला लागला होता. म्हणजे मला कळत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

वज्रेश्वरीजवळच्या एका लग्नात, पंगती उठल्यावर, त्याने ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. नाचणारे थबकले. मग दोघी-तिघी हसत पुन्हा हलायला लागल्या... अजून थोडा वेळ मिळायला हवा होता. पण नवरीचा मामा तावातावाने आला. "काय रं शांताराम, तबकडी अडकली हाय का तुझी? पावण्यांत लाज काढतोस!" त्या गावातली पुढची लग्नंही माझ्याकडेच होती. मी माइक ओढला आणि म्हणालो, "मंडळी, मशीन बिघडलंय. माफी असावी." मंडप हसला. दिनकरने सुई उचलली आणि साधं गाणं लावलं. सामान भरताना एवढंच म्हणाला, "मशीन ठीक होतं, शांताराम."

तो माझ्याकडे काम करत राहिला, पण तबकडीला तसा हात पुन्हा कधी लावला नाही. नव्वदच्या दशकात मिरवणुकांत डीजे आले. त्याच बिनशब्दांच्या ठेक्यावर तो मामाही रुमाल उडवत नाचला. लोक म्हणायचे, हे मुंबईहून आलं. मी मान डोलवायचो. दिनकर कडेला उभा राहून ऐकायचा. "पोरगा बरा वाजवतो," एकदा म्हणाला, "फक्त घाई करतो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बोलता तरी आलं असतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला माइक माझ्याच दुकानाचा होता. वंदना झाल्यावर कुणीतरी तो माझ्या हातात दिला. समोर त्याची बायको, मुलगा, सगळी वस्ती. "फार शांत माणूस होता," एवढं बोललो आणि माइक परत केला.

घरी त्या दोन प्लेअरपैकी एक अजून आहे. थाळीवरची चकती त्याने काढली नाही, मीही नाही. खळ कधीच गेली, कापड मऊ पडलंय. तबकडी घासायची ती जागा तेवढी गुळगुळीत लागते. त्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाची माफी मी एका दमात मागितली होती. दिनकरची मात्र...